गंजाला घातलेली वेसण

लोखंडावरचा गंज ही नासाडीची खूण मानली जाते. नांगराचा फाळ, रहाटाची साखळी किंवा दाराची कडी गंजली, की ती निकामी होण्याच्या वाटेला लागली असे कोणीही म्हणेल. ठासणीच्या बंदुका घडवणाऱ्या जुन्या कारागिरांनी मात्र याच गंजाला कामाला जुंपले. बंदुकीच्या नळीच्या बाहेरच्या अंगावर त्यांनी जाणूनबुजून गंज आणला, दर खेपेला त्याचा सुटा भाग घासून झाडून टाकला, धातूला घट्ट धरून राहिलेला तेवढाच राखला आणि हवा तसा रंग आल्यावर त्याची वाढ थांबवली. या प्रक्रियेला बंदूक-व्यवसायात ‘ब्राउनिंग’ म्हणतात. पिस्तुले आणि बंदुका घडवणारा अमेरिकन संशोधक जॉन ब्राउनिंग याच्या आडनावाशी या शब्दाचा काही संबंध नाही. ‘तपकिरी करणे’ एवढाच त्याचा सरळ अर्थ आहे. जळगाव शहरालगतच्या मेहरूण परिसराचे नाव ज्या बोरांमुळे महाराष्ट्रभर पोहोचले, ते बोर झाडावरच पूर्ण पिकून सुरकुतू लागले की त्याच्या सालीवर जी तांबूस-तपकिरी झाक येते, तिच्या जवळपासचा रंग उत्तम ब्राउनिंग झालेल्या नळीवर दिसतो. हा रंग वरून दिलेला नसतो, तो त्या लोखंडातूनच काढलेला असतो. आणि लखलखीत लोखंड तेच निरोगी लोखंड ही समजूत किती अपुरी आहे, हे तो दाखवून देतो.

ठासणीची बंदूक आणि खानदेश

ठासणीची बंदूक म्हणजे जिच्यात दारू आणि गोळी नळीच्या तोंडाकडून घालून गजाने ठासावी लागते अशी बंदूक. तिचे मुख्य भाग तीन: लोखंडी नळी, खांद्याला टेकवायचा लाकडी दस्ता आणि दारू पेटवणारा चाप. नळीच्या मागच्या टोकाशी एक बारीक छिद्र असते, त्याला कान म्हणतात. बाहेर पेटवलेली बारीक दारू, म्हणजे रंजक, या कानातून आतल्या दारूला आग पोहोचवते. रंजक पेटवायला जळती वात वापरली तर ती तोड्याची बंदूक, गारगोटीची ठिणगी वापरली तर चकमकीची आणि आघाताने पेटणारी तांब्याची छोटी टोपी कानाच्या जागी बसवली तर टोपीची बंदूक. पेटवण्याची रीत अशी दोनदा बदलली, तरी तिन्ही प्रकारांत नळी जवळपास तशीच राहिली आणि तिला गंजापासून सांभाळण्याचा प्रश्नही तसाच राहिला.

खानदेशाच्या इतिहासात या बंदुकांनी बरीच उलथापालथ पाहिली आहे. 1818 मध्ये पेशवाई बुडून हा प्रदेश कंपनी सरकारच्या ताब्यात गेला, तेव्हा सातपुडा, सातमाळा आणि अजिंठ्याच्या डोंगरांतील भिल्लांनी नव्या सत्तेला सहजासहजी दाद दिली नाही. मुंबईचे गव्हर्नर माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन यांच्या काळात, 1825 मध्ये, जेम्स औट्रम या तरुण अधिकाऱ्याने भिल्लांचीच एक कवायती पलटण उभी केली. ‘खानदेश भिल्ल कोअर’ या नावाने ओळखल्या गेलेल्या या पलटणीचे ठाणे जळगावच्या पश्चिमेकडील धरणगाव येथे होते. तिरकामठ्यावर वाढलेल्या माणसांच्या हाती सरकारी बंदूक आली, ती अशी. पुढे 1857 च्या उठावाची झळ सातपुड्यापर्यंत पोहोचली. सेंधव्याच्या घाटात पूर्वी सरकारच्या वतीने रस्त्याची राखण करणारे खाज्या नाईक सरकारविरुद्ध उभे राहिले आणि 11 एप्रिल 1858 रोजी अंबापाणी येथे भिल्लांची इंग्रजी फौजेशी लढाई झाली. एका बाजूला तिरकामठे आणि तोड्याच्या बंदुका, दुसऱ्या बाजूला कंपनीच्या पलटणींची हत्यारे, असा तो विषम सामना होता. त्यानंतरच्या 1878 च्या शस्त्र कायद्याने सामान्य माणसाच्या हातातील हत्यारावर परवान्याची कडी बसवली.

ठासणीची बंदूक तरीही इतिहासजमा झाली नाही. स्वतंत्र भारताच्या 1959 च्या शस्त्र कायद्यात पिकाच्या खऱ्याखुऱ्या राखणीसाठी लागणाऱ्या ठासणीच्या बंदुकीचा स्पष्ट उल्लेख आहे, आणि त्यामुळे सिंधुदुर्ग-रत्नागिरीच्या बागायतीत ‘शेतीसंरक्षण परवान्या’ची बंदूक ही आजही ओळखीची गोष्ट आहे. म्हणून नळीवरील गंजाचा विचार केवळ संग्रहालयांपुरता किंवा हौशी संग्राहकांपुरता मर्यादित राहत नाही. कुळागराच्या पडवीत खुंटीला टांगलेल्या बंदुकीलाही तो तेवढाच लागू पडतो.

लख्ख नळीकडून तपकिरी नळीकडे

युरोपातील सैन्यांत अठराव्या शतकात बहुतेक बंदुकांच्या नळ्या पांढऱ्या, म्हणजे घासून लख्ख केलेल्या असत. शिपायाची शिस्त त्याच्या हत्याराच्या चकाकीवरून मोजली जाई, आणि ती चकाकी टिकवण्यासाठी तो विटेची पूड तेलात कालवून नळी रोज घाशी. या घासण्याने लोखंडच झिजत असे. वर्षानुवर्षांच्या अशा सेवेनंतर नळीची भिंत पातळ होई, तिच्यावरील खुणा पुसट होत आणि बंदूक शत्रूच्या गोळीपेक्षा आपल्या शिपायाच्या विटकरीनेच अधिक जुनी होई. दुसरी अडचण उन्हाची होती. चकचकीत नळीवरून परावर्तित होणारा प्रकाश दूरवरून दिसतो, आणि आडोशाला दबा धरून बसणाऱ्या नेमबाजाला किंवा शिकाऱ्याला तो घातक ठरतो. त्यामुळे रांगेत उभे राहून लढणाऱ्या पायदळापेक्षा सुट्या नेमबाजांच्या हत्यारांना तपकिरी रंग आधी मिळाला. 1800 च्या सुमारास ब्रिटिश सैन्यात आलेल्या बेकर रायफलीच्या नळ्यांना असा रंग दिलेला असे. अमेरिकेत 1841 च्या नमुन्याच्या रायफलीची नळी तपकिरी केली जात होती, तर त्याच काळातील तिथल्या पायदळी बंदुका लख्खच ठेवल्या जात.

कंपनीच्या पलटणींनी हिंदुस्थानभर वापरलेल्या चकमकीच्या बंदुकीला ‘ब्राउन बेस’ असे लाडके नाव पडले होते. हे नाव नळीच्या रंगावरून आले असे अनेकदा सांगितले जाते, पण त्या बंदुकीच्या दीर्घ आयुष्यातील बराचसा काळ तिची नळी लख्खच होती, हे लक्षात घेतले की ही व्युत्पत्ती फारशी टिकत नाही. एकोणिसाव्या शतकात मात्र तपकिरी नळीचा प्रघात सार्वत्रिक झाला. बर्मिंगहॅम, लंडन आणि बेल्जियममधील लिएज या बंदूक-निर्मितीच्या केंद्रांत हे काम करणारे स्वतंत्र कारागीर असत, प्रत्येकाचा मिश्रणाचा पाठ वेगळा असे आणि तो सहसा दुसऱ्याला सांगितला जात नसे.

गंज म्हणजे काय

लोखंड, पाणी आणि हवेतील प्राणवायू एकत्र आले की लोखंडाचा पृष्ठभाग सूक्ष्म विद्युतघटांच्या जाळ्यासारखा वागू लागतो: एका बिंदूवर लोखंड विरघळते, शेजारच्या बिंदूवर प्राणवायू पाण्याशी संयोग पावतो, आणि या दोन्हींमधून लोहाचे जलयुक्त ऑक्साइड तयार होते. हाच तांबूस-तपकिरी गंज. भिंती सारवताना वापरला जाणारा गेरू आणि उंबऱ्याला लावली जाणारी काव यांचा रंगही लोहाच्या ऑक्साइडांचाच असतो. आयुर्वेदातील लोहभस्मही लोखंडाला पुन्हा पुन्हा पुटे देऊन त्याचे लालसर ऑक्साइड करण्याच्या पद्धतीतूनच तयार होते. लोखंडाचे ऑक्साइड होणे ही भारतीय कारागिराला आणि वैद्याला परकी गोष्ट नव्हती, आणि ‘पुट’ हा शब्द ब्राउनिंगच्या प्रत्येक फेरीला जितका नेमका बसतो तितका दुसरा कोणताही बसणार नाही.

मोकाट गंज घातक ठरतो तो दोन कारणांनी. एक, मूळ लोखंडापेक्षा गंजाचे आकारमान कितीतरी जास्त असते, त्यामुळे तो फुगतो, त्याचे पापुद्रे सुटतात आणि खाली ताजे लोखंड उघडे पडते. दोन, तो एकसारखा न चढता ठिपक्याठिपक्यांनी खोल जातो आणि धातूत खड्डे पाडतो. ब्राउनिंगमध्ये या दोन्ही खोडी मोडल्या जातात. संपूर्ण पृष्ठभागावर एकाच वेळी आणि अत्यंत पातळ असा गंज आणला जातो, त्याचा फुगलेला भाग प्रत्येक वेळी काढून टाकला जातो आणि उरलेल्या दाट थराच्या बारीक छिद्रांत शेवटी तेल किंवा मेण मुरवले जाते. या थराची तपकिरी कातडी स्वतःच्या बळावर पाणी फारसे अडवत नाही. ती तेलाला धरून ठेवते आणि ते तेल पाणी अडवते. गुळगुळीत लख्ख लोखंडावरून तेल पुसले जाते, ब्राउनिंग केलेल्या लोखंडावर ते मुरून राहते, हा या साऱ्या खटाटोपाचा खरा फायदा आहे.

ठासणीच्या बंदुकीला या संरक्षणाची गरज अधिक असते, कारण तिची दारूही गंजाला आमंत्रण देणारी असते. काळी दारू म्हणजे साधारण 75 भाग शोरा, 15 भाग कोळसा आणि 10 भाग गंधक यांचे मिश्रण. ती जळल्यावर मागे राहणारे पोटॅशियमचे क्षार हवेतील ओलावा ओढून घेतात आणि कानाच्या आसपास, चापाखाली, तोंडाजवळ लोखंड कुरतडू लागतात. म्हणून बार काढल्यावर नळी गरम पाण्याने धुऊन, कोरडी करून तेल लावण्याची शिस्त या बंदुकीबरोबर जन्मली आहे.

पुटामागून पुट

जुन्या पद्धतीच्या ‘थंड’ ब्राउनिंगची सुरुवात घासण्यापासून होते. कानशीचे ओरखडे आणि जुना गंज काढून नळी एकसारखी केली जाते, पण ती आरशासारखी चकचकीत केली जात नाही. अतिगुळगुळीत पृष्ठभागावर द्रव धरत नाही आणि रंग डागाडागांनी उठतो. त्यानंतर नळीच्या दोन्ही तोंडांत आणि कानात लाकडी बुचे घट्ट बसवली जातात. आतला भाग गंजू नये हा त्यांचा एक उपयोग, आणि पुढचे सर्व काम नळीला हात न लावता त्या बुचांना धरून करता यावे हा दुसरा. माणसाच्या बोटांवरील तेलाचा एक ठसाही पुरे असतो. त्या जागी द्रव पसरत नाही आणि शेवटी तपकिरी नळीवर बोटाचा फिकट ठसा कायमचा उरतो. हे टाळण्यासाठी विरलेला चुना किंवा खडूची पूड पाण्यात कालवून नळीवर चोळत आणि ती वाळल्यावर स्वच्छ फडक्याने पुसून सारा ओशटपणा काढून टाकत.

मग येते ते द्रवाचे पुट. निरनिराळ्या कारागिरांच्या पाठांमध्ये फरक असला तरी त्यांतील मुख्य द्रव्ये थोडीच आहेत आणि त्यांतील बरीचशी महाराष्ट्रातील बाजारपेठांना पिढ्यान्‌पिढ्या ओळखीची आहेत. शोऱ्याचे तेजाब, म्हणजे नायट्रिक आम्ल, लोखंडावरील थर फोडून क्रिया सुरू करते. लोहाचे क्लोराइड आणि कल्हईवाल्याच्या पिशवीत हमखास सापडणारा नवसागर क्लोराइड पुरवतात आणि गंजाची गती वाढवतात. मोरचुदाचे, म्हणजे तांब्याच्या सल्फेटाचे, काम अधिक मजेदार आहे. पिकावरील बुरशीसाठी मोरचूद आणि चुन्याचे बोर्डो मिश्रण तयार करणाऱ्या शेतकऱ्याला ते ठाऊक असते: मिश्रणात चुना कमी पडला आहे का हे पाहण्यासाठी त्यात स्वच्छ लोखंडी सुरी किंवा विळा बुडवतात, आणि पात्यावर तांब्याची लाली उमटली की मोरचूद मोकळे आहे असे समजते. नळीवरही हेच घडते. मोरचुदातील तांबे लोखंडावर अतिशय बारीक कणांनी बसते, तांबे आणि लोखंड या दोन धातूंच्या सान्निध्यामुळे असंख्य सूक्ष्म विद्युतघट तयार होतात आणि गंज एकसारखा पसरतो. काही जुन्या पाठांत पाऱ्याचे एक अत्यंत विषारी क्लोराइडही असे. त्याच्या पुटाने रंग दाट येई, पण ते त्वचेतून आणि श्वासातून शरीरात जाऊ शकते, म्हणून आजचे जाणकार ते पूर्णपणे टाळतात.

द्रव लावण्याची रीत ही या कामातील खरी कसोटी आहे. कापसाचा बोळा जेमतेम ओला करून नळीच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत एका सलग फटकाऱ्यात फिरवला जातो. एकदा फिरवलेल्या जागेवर बोळा परत नेला तर मोरचुदाचे तांबे तिथे दुहेरी बसते आणि पट्टा उमटतो. पहिल्या पुटाला नळी जेमतेम मळकट दिसते. ती ओलसर हवेत काही तास ते दिवसभर ठेवल्यावर तिच्यावर नारिंगी रंगाची मऊ, मखमलीसारखी पूड चढते. ही पूड तारेच्या मऊ ब्रशाने किंवा जाड कापडाने घासून काढली जाते. नवख्याला या क्षणी सारे श्रम वाया गेल्यासारखे वाटते, कारण रंग जवळपास निघून जातो आणि खाली फक्त फिकट करडी सावली राहते. पण त्या सावलीवरच पुढचे पुट बसते. पुन्हा द्रव, पुन्हा ओलावा, पुन्हा घासणे, असे सहा, आठ, कधी बारा वेळा चालते; प्रत्येक फेरीत सावली थोडी गडद होते, पूड थोडी कमी निघते आणि गंजाचा पोत बारीक होत जातो. पुरेशी पुटे झाली हे घड्याळ सांगत नाही. घासल्यावर रंग हलेनासा झाला की कारागीर थांबतो.

थांबणे ही स्वतंत्र क्रिया आहे. नळीवर आणि तिच्या छिद्रांत अजूनही आम्ल आणि क्लोराइड असतात. ती तशीच तेलात बुडवली तर तेलाखाली गंज चालूच राहतो आणि काही दिवसांनी कातडी पुन्हा लालसर फुलते. म्हणून नळीवर उकळते पाणी ओतले जाते आणि त्यात धुण्याचा सोडा किंवा चुना मिसळला जातो, जेणेकरून उरलेले आम्ल मरावे. या पाण्यात क्षार असतील तर वाळताना पांढरे डाग पडतात, त्यामुळे शेवटच्या धुण्यासाठी मृदू पाणी चांगले. पाण्यातून काढलेली नळी स्वतःच्या उष्णतेने काही क्षणांत वाळते, आणि ती ऊनऊन असतानाच तिच्यात जवसाचे तेल किंवा वितळलेले मधमाशीचे मेण मुरवले जाते. तेल लागताच मातकट तपकिरी एकदम खोल आणि जिवंत दिसू लागते. नळी गार झाल्यावर फडक्याने घासली की मंद, साटिनसारखी झिलई उरते.

ऋतूचा वाटा

या साऱ्या कृतीत हवा ही द्रवाइतकीच महत्त्वाची असते. हवेतील सापेक्ष आर्द्रता साधारणतः 60 टक्क्यांच्या वर गेली की लोखंडाच्या गंजण्याची गती झपाट्याने वाढते, आणि ती फारच कमी असली की द्रव लावूनही क्रिया अर्धवट थांबते. खानदेशाचे हवामान या दृष्टीने दोन टोकांचे आहे. मे महिन्यात जळगावात पारा 45 अंशांच्या आसपास जातो, हवा कोरडी असते आणि लावलेला द्रव गंज धरण्याआधीच वाळून जातो. त्या दिवसांत मोकळ्या पडवीत ब्राउनिंग करणे म्हणजे खडकावर पेरणी करण्यासारखे आहे. याउलट मृगाच्या सरी सुरू झाल्यापासून सप्टेंबरअखेरपर्यंत, मेहरूण तलावाच्या काठावर हवा दमट असते तेव्हा, वेगळी सोय न करताही नळी एका रात्रीत फुलू शकते. कोरड्या ऋतूत हे काम करायचे तर ओलावा कोंडून ठेवावा लागतो: एका उभ्या लाकडी पेटीत नळी बुचांवर टांगायची, तळाशी गरम पाण्याचे भांडे ठेवायचे आणि आतल्या भिंतींना ओले गोणपाट लावायचे. मात्र नळीवर पाण्याचे थेंब जमू देता कामा नयेत, कारण थेंबाच्या काठावर गंज वेगळ्या गतीने वाढतो आणि गोल डाग उठतात. पाणी हवेत हवे, धातूवर नको, असा या पेटीचा नियम आहे.

घाई असणाऱ्यांसाठी दुसरी वाट आहे. नळी इतकी तापवायची की पाण्याचा थेंब पडताच चर्र करून उडावा, आणि त्या तापलेल्या धातूवर द्रवाचे पुट द्यायचे. काही दिवसांचे काम काही तासांवर येते, पण कातडी तितकी दाट होत नाही आणि पोत भरड राहतो. तिसरी वाट रंगच बदलते. थंड पद्धतीने आणलेला लाल गंज प्रत्येक पुटानंतर उकळत्या पाण्यात टाकला, तर लाल ऑक्साइडाचे काळ्या चुंबकीय ऑक्साइडात रूपांतर होते आणि नळीला तपकिरीऐवजी निळसर काळा रंग येतो. याला ‘ब्लूइंग’ म्हणतात. ब्राउनिंग आणि हे जुने ब्लूइंग ही एकाच गंजाची दोन रूपे आहेत. फरक एका उकळीचा.

धातूतली नक्षी

ब्राउनिंगला नुसत्या संरक्षणापलीकडे एक सौंदर्यमूल्यही होते. जुन्या नळ्या एकसंध पोलादाच्या नसत. लोखंडाची पट्टी सळईभोवती मळसूत्री गुंडाळून, तापवून, घणाने कडा जोडून नळी तयार होई. उंची नळ्यांसाठी लोखंड आणि पोलाद यांच्या कांबी एकत्र पिळून मग गुंडाळत. अशा नळीला घासून लख्ख केले तर तिची जडणघडण दिसत नाही. पण गंज लोखंडावर आणि पोलादावर वेगवेगळ्या गतीने चढतो, त्यामुळे ब्राउनिंगनंतर दोन छटांमध्ये लाटा, वेटोळी, फितीसारख्या आकृत्या उमटतात. युरोपात या नळ्यांना दमास्कस शहराचे नाव मिळाले, आणि शिकारी बंदुकांत त्यांचा दिमाख होता. धूर न करणारी दारू आणि एकसंध पोलादाच्या नळ्या आल्यावर एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस त्या मागे पडल्या.

धातूत लपलेली नक्षी रसायनाने वर आणण्याची ही कल्पना भारतीय कारागिरांनाही परिचित होती. दख्खनी पोलादाच्या तलवारींवर पाण्याच्या लहरींसारखी जी रचना दिसते तिला जौहर म्हणत, आणि ती उठवण्यासाठी हिराकस, म्हणजे लोहाचे सल्फेट, पाण्यात विरघळवून पात्यावर लावत. हत्यारे घासणे, त्यांना धार आणि झिलई देणे हा शिकलगारांचा पिढीजात व्यवसाय. ‘शिकलगार’ या शब्दाच्या मुळाशी झिलई या अर्थाचा अरबी शब्द आहे. नक्षी उठवताना हेच कौशल्य लागते: कोठे घासायचे, कोठे थांबायचे आणि धातूला स्वतःचे काम करायला किती वेळ द्यायचा.

खंडेनवमी आणि जुनी नळी

आश्विन शुद्ध नवमीला, म्हणजे खंडेनवमीला, महाराष्ट्रात घरातील शस्त्रे आणि अवजारे काढून, घासूनपुसून त्यांची पूजा केली जाते. ही प्रथा ऋतूशी जुळलेली आहे. पावसाळा नुकताच संपत आलेला असतो आणि ओलाव्याने हत्यारांवर गंज धरलेला असतो, त्याला वर्षातून एकदा तरी झाडण्याची ती वेळ. पण वाड्यात किंवा शेतघरात एखादी जुनी ठासणीची बंदूक असेल, तर याच श्रद्धेपोटी तिचे नुकसान होण्याचा संभव असतो. राख, विटकर किंवा चिंच लावून घासले की नळी पांढरी लख्ख होते आणि घरातील मंडळींना समाधान वाटते, पण त्या घासण्यात दीडशे वर्षांपूर्वी कोणा कारागिराने आठ-दहा पुटे देऊन आणलेली कातडी निघून जाते, तिच्यात उमटलेली नक्षी पुसट होते आणि कारखान्याच्या खुणा झिजतात. उघडी पडलेली नळी पुढच्या पावसाळ्यात अधिक वेगाने गंजते. अठराव्या शतकातील शिपायाने विटेच्या पुडीने जे केले, तेच अजाणतेपणी पुन्हा होते.

दोन तपकिरी रंगांत फरक करायला शिकणे हा यावरचा साधा उपाय आहे. ब्राउनिंगची मूळ कातडी एकसारखी, दाट आणि बोटाला गुळगुळीत लागते. पांढऱ्या फडक्याने पुसल्यावर फडक्यावर फारसा रंग येत नाही. मोकाट गंज खडबडीत, ठिपक्यांचा, नारिंगी असतो आणि फडके लाल करतो. पहिल्याला हात लावू नये. दुसरा आढळला तर तेलात भिजवलेल्या मऊ कापडाने तो हळूहळू उचलावा, आणि मग सर्व नळीवर तेलाचा अगदी पातळ हात फिरवावा. संग्रहालयांतील जतनतज्ज्ञही मूळ पृष्ठभाग शक्य तितका राखण्यावर भर देतात, कारण बंदुकीचा काळ, तिचे मूळ ठिकाण आणि कारागिरी यांची साक्ष त्या पृष्ठभागातच असते.

कायद्याची बाजूही दुर्लक्षून चालत नाही. जी जुनी बंदूक दुरुस्तीनेसुद्धा चालण्याजोगी राहिलेली नाही, अशा पुरातन मूल्याच्या हत्याराला 1959 च्या शस्त्र कायद्यात सूट आहे, पण चालू स्थितीतील ठासणीची बंदूक वडिलोपार्जित असली तरी परवान्याशिवाय बाळगता येत नाही. तसेच शंभर वर्षांहून जुनी वस्तू 1972 च्या पुरावस्तू कायद्याच्या कक्षेत येऊ शकते. अशी बंदूक घरात असेल तर तिच्यावर आम्ल किंवा काचकागद चालवण्याआधी तिची कायदेशीर स्थिती आणि तिचे वय दोन्ही माहीत करून घेणे शहाणपणाचे.

गंज थांबवायचा तर त्याला आधी नेमके वाढू द्यावे लागते, हे या जुन्या हस्तकलेचे मर्म आहे. खंडेनवमीला तबकात ठेवलेली नळी पांढरी चकाकत नसून बोराच्या सालीसारखी मंद तपकिरी असेल, तर ती घासायची राहून गेली असे समजण्याचे कारण नाही; तिच्यावर कोरडे फडके आणि तेलाचे दोन थेंब पुरेत, बाकीचे काम तिच्या कारागिराने फार पूर्वीच करून ठेवले आहे.